गिऱ्हाइकामागे निघालेले भाऊजी

दुकानातून गिऱ्हाईक बाहेर पडलं की पुढं त्याचं काय झालं असेल, या काळजीनं ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस सबंध बुऱ्हाणपुरात एकच झाला. ते म्हणजे माझे धाकटे दीर. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा ते लॅपटॉप आणि स्वतःची उशी काखोटीला मारून पुण्याहून आले आणि आमच्या साड्यांच्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी ठाण मांडलं. त्यांचं काम काय, हे मला सांगता यायला सहा महिने लागले. गिऱ्हाइकाला वस्तू हवीशी वाटण्यापासून ती घरी नेऊन पस्तावण्यापर्यंत जे जे घडतं, त्याचे नकाशे काढायचे. असे ढीगभर नकाशे झाले की सॉफ्टवेअरमध्ये त्यांची उतरंड लावायची: सगळ्यांत वर मोठा प्रवास, त्याच्या पोटात मधले, मधल्यांच्या पोटात बारके. पडद्यावरचा एखादा चौकोन ते दिवसभर इकडून तिकडे हलवत बसायचे आणि जेवताना म्हणायचे, "वहिनी, आज 'तक्रार' कुठंच बसेना हो!" जणू घरात आलेल्या पाहुण्याला पाट मिळाला नव्हता.

कंपनीचं काम आटोपलं की ते आमच्या दुकानाचे नकाशे काढत. एकदा खकनारची एक बाई साडी न घेता परत गेली, तर हे तिच्या मागोमाग थेट बस स्टँडवर. ती वळून म्हणाली, "कामून मांगं मांगं येऊन रायला रे भाऊ?" हे अदबीनं म्हणाले, "मावशी, तुमचा प्रवास समजून घेतोय." "त्यात काय समजाचं? बस पकडाची न घरी जाचं!" पण तिनं मन मोकळं केलं. उन्हातून आल्यावर दुकानात धड टेकायला जागा नाही, पाणी कोणी विचारत नाही, मग साडीत जीव कसा रमेल? दुसऱ्याच दिवशी भाऊजींनी दुकानात बाकडं आणि पाण्याचा माठ आणून ठेवला.

सासऱ्यांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला म्हणावं, ही दुकान आहे, धर्मशाळा नाही." माझ्यामार्फतच, कारण दुकान सोडून पोरगा कॉम्प्युटर शिकायला गेला तेव्हापासून बापलेकाचं बोलणं "जेवला का" आणि "दिवा मालव" यापुढं गेलं नव्हतं. मधला निरोप्या मीच.

हा अबोला मोडला तो घासाघिशीमुळं. घासाघीस 'पसंती'च्या पोटात घालावी की 'पैसे देणं' याच्या, हे भाऊजींना काही केल्या ठरवता येईना. जेवण सुटलं, दाढी वाढली. शेवटी लॅपटॉप उचलून ते दुकानात सासऱ्यांच्या गादीपाशी गेले. "बाबा, ही कुठं ठेवू?"

सासऱ्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ पडदा पाहिला आणि एकदम कडाडले, "अरे भाई, घासाघीस कोणाच्या पोटात जात नाही! बाई दुकानात पाय टाकते तिथून चालू होते ती. नजरेनं, मग कपडा चुरगाळून. बोलायची पाळी तर शेवटी येते. हिला वर घे, सगळ्यांच्या वर!"

भाऊजींनी तिथंच उभ्या उभ्या तो चौकोन वर नेला. त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की सासरे स्वतःच हाक मारू लागले, "काय रे, आज काय कुठं बसत नाही?" मग दोघं बाकड्यावर शेजारी शेजारी बसून भांडत. निरोप्याची नोकरी सुटल्याचा इतका आनंद दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

आणि मग कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. सासरे स्टेशनपर्यंत गेले, पण गाडी सुटेपर्यंत पेपरच वाचत उभे राहिले.

आता कधीमधी दुपारी माझा फोन वाजतो. "वहिनी, बोलायचं काही नाही. फोन जरा गल्ल्याजवळ ठेवता का? चालूच राहू द्या, मी काम करत बसतो."

मी फोन ठेवते. सासरे तिकडे बघतही नाहीत. फक्त समोरच्या बाईला गरज नसताना तीन साड्या जास्त उलगडून दाखवतात आणि मागच्या खोलीतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात भाव सांगतात.