परसातली वांगी आणि भाभींची कोंबडी

शाहूपुरीच्या मागच्या बाजूला एका बैठ्या घरात आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. खोल्या दोनच, पण मागं परसदार होतं. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, हे कचेरीत जायचे आणि दिवसभर घरी असायचे ते मामंजी, म्हणजे माझे सासरे. मलकापूरच्या पलीकडं त्यांची भातशेती होती. ती थोरल्या दिरांनी हाती घेतल्यावर मामंजी आमच्याकडं आले आणि आठ दिवसांत त्यांनी परसात कुदळ मारली. वांगी, वाल, दोडका, थोडी मेथी.

कुंपणापलीकडं एक शिंपी राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. त्यांच्या चार-पाच कोंबड्या होत्या आणि त्या तारेखालून आमच्याकडं यायच्या. मी हुसकायची. मामंजी म्हणायचे, "ऱ्हाऊ दे की. माती उकरत्यात, किडं खात्यात. तुझं काय जातंय?"

पहिल्या वर्षी वांग्यांच्या शेंड्यांनी माना टाकल्या. चिरून बघितलं तर आत गुलाबीसर अळी. फळांनाही भोकं पडलेली. मामंजी रोज शेंडे खुडत होते, पण मला तेवढा धीर नव्हता. ह्यांच्या कचेरीतल्या एकानं शेतावर वापरायची पांढरी पावडर डब्यातून दिली. मामंजींनी नुसता वास घेतला आणि म्हणाले, "पोरी, खायाच्या भाजीवर हे नगं."

"मामंजी, मी शाळेत विज्ञान शिकवते," मी म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

रविवारी ते देवळात गेल्यावर मी पावडर फडक्यात बांधली आणि पुरचुंडी झाडांवर आपटत गेले. पानं पांढरी झाली. दोन दिवसांनी खाली अळ्या आणि भुंगेरे मरून पडलेले दिसले. मला फार बरं वाटलं. चार चांगली वांगी काढली, धुतली, दोन घरात ठेवली आणि दोन भाभींना दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर भाभी कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांची तांबडी कोंबडी मेली होती. तिच्या मागं सहा पिल्लं होती, त्यातली दोन गेली.

"मानमोडी आली आसंल," भाभी म्हणाल्या. "सकाळी तर चांगली हुती. पाय ताणलं आन् थरथरली नुसती."

मानमोडी म्हणजे कोंबड्यांची साथ. मी "अरेरे" म्हणून आत गेले. मला कळलं होतं. तांबडी दोन दिवस आमच्या वांग्यांखाली उकरत होती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी बोलले नाही. भाभींनी उरलेल्या कोंबड्या साथीच्या भीतीनं टोपलीखाली कोंडल्या, त्यांना लसणीचं पाणी पाजलं, तेही मी बघत राहिले. असे दोन दिवस गेले. मामंजींनी पानांवरची पांढरी पूड बघितली होती, पण तेही काही बोलले नाहीत. ते न बोलणंच मला जड झालं.

तिसऱ्या दिवशी मी भाभींच्या दारात गेले. "भाभी, साथ नाही ही. मी वांग्यांवर विषारी पावडर टाकली होती. तुमची कोंबडी त्यानंच गेली."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् मला दिलेली वांगी?"

"त्याच झाडांची."

"लेकरांनी खाल्ली की हो, ताई."

कुणाला काही झालं नव्हतं, पण त्या आठवड्यात भाभींच्या पोरांपैकी कुणी खोकलं तरी मी कुंपणाशी जाऊन बघायची. आम्हीही तीच खाल्ली होती, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

डबा कचेरीतल्या माणसाला परत गेला. झाडावरची सगळी वांगी काढून मामंजींनी खड्ड्यात पुरली आणि तो तुकडा मोकळाच ठेवला. भाभींना मी दुसरी तांबडी कोंबडी आणून दिली. त्यांनी घेतली, पण पुढं महिनाभर आमच्याकडची भाजी घेतली नाही. ते बरोबरच होतं.

पुढच्या हंगामात मामंजी म्हणतील तसं करायचं ठरवलं. दोडक्यावर तांबडे भुंगेरे बसायचे. ते सकाळी गारठ्यानं सुस्त असतात. शाळेपूर्वी मी पानाखाली साबणाच्या पाण्याचा डबा धरून वेल हलवायची, की ते टपाटप पडायचे. पानं दवानं ओली असतानाच मामंजी चुलीतली राख चाळून त्यांवर टाकायचे. वांग्याचा मान टाकलेला शेंडा दिसला की खुडायचा आणि तिथंच न टाकता जाळायचा. रोज, न चुकता.

वालावर काळा मावा आला तेव्हा भाभींच्या मालकांनी तंबाखूच्या वखारीतून काड्या आणून दिल्या. त्या भिजवून ते पाणी आम्ही शिंपडलं. पहिल्यांदा इतकं कडक झालं की कोवळी पानं करपली. भाभी कुंपणावरून म्हणाल्या, "ताई, हे पण विषच की!" मग आम्ही पाणी पातळ केलं, फुलं यायच्या आधीच मारायचं ठरवलं आणि तेवढे दिवस भाभी कोंबड्या कोंडून ठेवायच्या. तसं मी आधी जाऊन सांगून यायची.

एका गोष्टीत मात्र मामंजींनी माझं ऐकलं. माव्यात फिरणाऱ्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या ते चिरडत होते. मी त्यांचा हात धरला. लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या छोट्या किड्याची ती पिल्लं, आणि ती मावा खातात. "बघा तरी," मी म्हणाले. ते पाटावर बसून अर्धा तास बघत राहिले.

"खातीया की गं!" ते म्हणाले. त्या वेलाला त्यांनी मग तंबाखूचं पाणी लावलं नाही.

कीड काही संपली नाही. दहा वांग्यांतली तीन किडकी निघायचीच. किडका भाग काढून टाकायचा आणि उरलेलं चिरायचं. दिवाळीच्या सुमाराला भाभींनी स्वतःहून हाक मारली, "ताई, भरायला बारकी वांगी हायत का?" मी सहा दिली. त्यांनी एकेक उलटून बघितलं, एकाला भोक दिसलं.

"हे चांगलं," त्या म्हणाल्या आणि ओच्यात घेऊन गेल्या.