स्क्रीनवरची बोटभर पट्टी

बिघडलेला मोबाईल चांगला म्हणून मी दुकानदाराच्या गळ्यात मारला, आणि तो फिरून माझ्याच गावात आला. एवढीच माझी चूक — निदान एवढीच मी स्वतःला सांगत आलो. पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापाशी तर मी चोरून ओढलेली विडीसुद्धा कबूल केलीय.

तसा मी माझ्या फजित्या मिटक्या मारत सांगणारा माणूस. भलत्याच लग्नात जेवून, वर आहेर करून आलो, ते मीच गावभर रंगवून सांगितलं. मग हाच किस्सा का गिळला?

त्या मोबाईलला एकच खोड होती. स्क्रीनच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीची आडवी पट्टी मेलेली. काच स्वच्छ, रेघ नाही, डाग नाही. पण तिथं बोट टेकवलं तर त्याला कळतच नसे. आणि फोन आला की उचलायचं हिरवं चिन्ह नेमकं तिथंच यायचं! मी आपला कानात हेडफोनची वायर घालून तिच्या बटणानं फोन उचलायचो.

जुना देऊन नवा घ्यायला तालुक्याला, केजला गेलो, तोही वायर कानात घालूनच. दुकानदारानं कॅमेरा पाहिला, चार्जिंग पाहिलं, काच उजेडात धरली, मग रिंग दिली. मी बटण दाबलं — "बोला शेठ!"

"टच चांगलाय ना, तात्या?"

"लोण्यासारखा," म्हणालो, आणि लगेच त्याच्या सासुरवाडीची चौकशी काढली. बोलण्यात माणूस गुंतवावा तर मीच.

आता भिवा. आमच्या गावचा मेंढपाळ. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी त्याला फोन करतात. त्याच्या मेंढ्या दोन-तीन रात्री रानात बसवायच्या. लेंडीखत रानाला, ज्वारी भिवाला. त्याच्या घरची वर्षाची भाकरी याच दिवसांत ठरते. नांगरटीच्या आत हे उरकायचं असतं, म्हणून कुणी थांबत नाही. एकानं फोन उचलला नाही की दुसऱ्या मेंढपाळाला लावतात.

मीही लावला. उचलला नाही. पुन्हा लावला — नाहीच. मागाहून त्याचा आला तेव्हा मी रागानं घेतला नाही, आणि दुसऱ्याच्या मेंढ्या बसवल्या. मग चहाच्या हॉटेलात तो सापडला. दहा माणसांत सुनावलं, "काय बे भिवा, लई मोठा झालास? फोन कावून उचलत न्हाईस?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला. "म्या उचलतो की, तात्या. पर त्यो उचलतच न्हाई. केजातून जुना घेतलाय. चार जणांनी असंच बोलून दुसऱ्याच्या मेंढ्या बशिवल्या. तुमाला यातलं कळतंय, बगा जरा."

मी उलटा करून पाहिला. कॅमेऱ्याशेजारी ओरखडा. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर आपटून मीच पाडलेला.

एका वाक्याचं काम होतं. "अरे, हा माझाच, याची पट्टी मेलीय." नाहीतर घरी खुंटीला लोंबणारी वायर तरी आणून द्यायची. पण दहा माणसं — आणि मी चारचौघांत खोटा ठरायचा? मी भिवाचा हात धरला, पंजा उताणा करून सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, "फोन झकास हाय. बोटं बघ तुझी! लोकर कातरून कातडं झालंय त्यांचं. टचला माणसाचं बोट लागतं बाबा, खूर न्हाई."

हॉटेल हसलं. भिवाही हसला — आणि त्यानं ते खरं मानलं. का नाही मानणार? गावात कुणाचा फोन अडला की तो माझ्याकडेच येतो. खरं सांगू? इतकी बेमालूम थाप मी जन्मात दुसरी मारलेली नाही.

आठेक दिवसांनी त्याच्या तळावरून जात होतो. त्याची बायको सखुबाई आडवी आली. "तात्या, काय सांगून बसलाव ओ ह्यांना? टाचा घासायची वजरी घिऊन दिसभर बोटं घासतेत!"

भिवा बाभळीखाली बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं सोलून लालभडक. म्हणाला, "आजून एक थर हाय, तात्या. मग लागंल." तेवढ्यात फोन वाजला. त्यानं बोटाला थुंकी लावली, सदऱ्याला पुसलं, काचेवर ओढलं. पुन्हा ओढलं. फोन वाजून वाजून थांबला. भिवा फोनवर चिडला नाही — बोटाकडं बघत बसला.

आणि मी? मी म्हणालो, "कोमट पाण्यात बुडवून घास." कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा गंमत केली म्हणता येईल. याला काय म्हणायचं? मला शब्द सापडत नाही, आणि शब्द सापडत नाही असं माझं होत नाही.

उन्हाळा सरला. भिवाच्या घरी ज्वारी निम्मीच आली. तो फोन देऊन बटणाचा घ्यायला तो केजला गेला, आणि दुकानदारानं तपासायच्या आधी आपणहून म्हणाला, "माझी बोटं चालत न्हाईत यावर." दुकानदारानं आपलं बोट लावलं. तेही चालेना. तो फोन कुणी विकला होता हे त्याला आठवलं नाही. त्याच्याकडं असे ढीगभर येतात.

भिवा तडक हॉटेलात आला. मी तिथं कुणाचीतरी नक्कल करत होतो. वाटलं, कळलं याला! त्यानं पंजा माझ्यापुढं धरला. बोटांवर नवं गुलाबी कातडं आलेलं.

"बोटं चांगली हायेत माजी. फोनच बाद व्हता."

"असं?" मी म्हणालो. "मला खरंच न्हाई कळलं, भिवा."

"कळत न्हाई तर शानपणा कावून करता, तात्या? गप बसत जावा."