त्याच जागी, तितक्याच मोठ्याने

एका जिवंत बाईला मी भर सभेत मारून टाकलं, आणि तेही साडीला मॅचिंग ब्लाउज घालून.

भाईंदर पूर्वेला आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा भरते. आधी गेल्या महिन्यात गेलेल्या मान्यवरांची यादी वाचायची, मग त्यांच्यासाठी उभं राहायचं, मग बसून बटाटेवडा खायचा, असा क्रम. नट, शास्त्रज्ञ, पैलवान, मंत्री, तबलजी सगळे एकाच कागदावर. ही यादी वाचायचं काम चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची अल्लड पोर होते. हातात मुलाने दिलेला नवा फोन आणि अंगात सूत्रसंचालनाची खुमखुमी. साधं ‘वारले’ म्हणायला माझी जीभ वळायची नाही. माझ्या यादीतली माणसं काळाच्या पडद्याआड जायची, अनंतात विलीन व्हायची, आणि जाताना प्रत्येक जण न चुकता एक पोकळी करून जायचा.

त्या रविवारी सकाळी फोनवर मेसेज आला, ‘ज्येष्ठ वृत्तनिवेदिका शरयू टेंबे यांचे दुःखद निधन.’ रेडिओवरच्या मराठी बातम्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो आवाज आठवेल. परळच्या आमच्या खोलीत त्या आवाजावर कुकर चढायचा आणि त्याच आवाजावर उतरायचा. बाईंचा चेहरा मात्र कुणी पाहिलेला नव्हता. मला रान मोकळं मिळालं. मी त्यांचं नाव यादीत शेवटी घातलं आणि आवाज थरथरवून सांगितलं की, शरयूताईंचा माझा जिव्हाळ्याचा परिचय होता. शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘बाळ, मराठी जप.’ दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी तर आधीच लावला होता. मग सगळे उभे राहिले.

शरयू टेंबे तिसऱ्या रांगेत उभ्या होत्या. मान खाली, पर्स पोटाशी धरलेली. स्वतःसाठीच.

त्या आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि मी दुसऱ्या. त्यांच्या दारावर पाटी ‘शहा’. नवरा गुजराती, इंजिनियर, कधीच वारलेला. दारावर शहा म्हणजे आपण हिंदी बोलायचं, एवढी अक्कल मला होती. तीन वर्षं मी लिफ्टमध्ये त्यांना विचारत होते, “आंटी, आपके उधर पानी आया क्या?” आणि त्या सांगत होत्या, “आया, मगर कम आया.” ज्या आवाजावर मी वीस वर्षं भात शिजवला, तो आवाज मला पाण्याच्या टाकीच्या हिंदीत ओळखू आला नाही.

वडे वाटायला सुरुवात झाली तशा त्या माझ्यापाशी आल्या. “बत्तीस सेकंद,” त्या म्हणाल्या. त्याच आवाजात. माझ्या हातातला चहा मॅचिंग ब्लाउजवर गेला.

“दोन मिनिटं म्हणालात आणि बत्तिसाव्या सेकंदाला बसवलंत. वडे गार होत होते का?”

“शहाआंटी, आप...”

“मराठीत बोला. जपायचीय ना?”

त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी मी ताटात पडलेली पाल आहे. “मधेच बोलणार होते मी. पण म्हटलं, बघू तरी ही बाई कुठवर जाते. पाठीवरून हात फिरवेपर्यंत गेलात. आणि ‘दुःखद निधन’ म्हणू नये. सुखद निधन कधी ऐकलंय? निधन पुरेसं आहे.”

संध्याकाळी मी माफी मागायला वर गेले. माफी त्यांनी ऐकूनच घेतली नाही. बसवलं, पाणी दिलं आणि एक गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी सकाळच्या बातम्यांत त्यांनी एका पैलवानाचं निधन वाचलं. गेला होता धाकटा भाऊ, कागदावर नाव होतं थोरल्याचं. चूक कागदाची. “पण लोकांना कागद ऐकू येत नाही, आवाज ऐकू येतो,” त्या म्हणाल्या. दुपारी त्यांनी दुरुस्ती वाचली, तीही पहिलीच बातमी म्हणून. मधल्या पाच तासांत सांगलीकडच्या गावात थोरल्याच्या बायकोच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या. नवरा परगावी कुस्तीच्या फडाला गेलेला, आणि घरात रेडिओ. पुढे त्या बाईने पत्र लिहिलं होतं. नव्या बांगड्या भरल्या, पण मनगटावरच्या जखमा भरायला महिना गेला. तुम्ही दुपारी सांगितलंत म्हणून बरं, नाहीतर रात्री माझे केस कापणार होते.

“तेव्हा पुढच्या महिन्यात दुरुस्ती वाचायची,” शरयूताई म्हणाल्या. “त्याच जागी उभं राहून, तितक्याच मोठ्याने. मला माझं मरण एकदाच हवंय आणि खरं हवंय. बाकी मला तुमच्याकडून काही नको.”

मी शपथेवर हो म्हटलं. पुढच्या महिन्याच्या सभेला डोळे तपासायच्या शिबिरासाठी नगरसेवक येणार होते, हार होते, फोटोवाला होता. संघाचे कार्यवाह राणे माझ्या कानाशी लागले, “वैनी, आज नको हां. पाव्हण्यांसमोर कशाला? चायच्या टायमाला सांगून टाका हळूच.” मला काय, हायसं वाटलं. चहाच्या बॉयलरपाशी चार बायकांना मी हसत हसत सांगितलं, अगं, गंमतच झाली. त्यातल्या एकीला ऐकू कमी येतं. शरयूताई तिसऱ्या रांगेत पर्स धरून शेवटपर्यंत बसून होत्या, रिकाम्या माइककडे बघत. परतताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, “चौथा दबाइए.”

महिनाभर त्या माझ्याशी हिंदीतच बोलल्या. कुणी कानाखाली वाजवली असती तर मी चार दिवसांत विसरले असते.

शेवटी मीच पुढच्या सभेची यादी घेऊन वर गेले आणि म्हटलं, जरा तपासून द्याल का? त्यांनी लाल पेन घेतलं. मी भरलेला सव्वा पानाचा मजकूर सात ओळींवर आला. ‘पोकळी’ खोडताना विचारलं, “हे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते का?” ‘अनंतात विलीन’ खोडताना म्हणाल्या, “साखर आहे का विरघळायला?” आणि मग मराठीत, “बसा. चहा टाकते.” दुरुस्तीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. तेवढा बेरकीपणा माझ्यात होता.

चार वर्षं दर शनिवारी सकाळी मी वर जायचे. त्या तोवर कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करून, केस विंचरून तयार असायच्या. पेपरातल्या निधनाच्या बातम्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मोठ्याने वाचायच्या, समोर श्रोते म्हणजे मी आणि मसाल्याचे डबे. “माणसाचं जाणं एका दमात वाचायचं. त्याचं काम दुसऱ्या दमात. तिसरा दम आपला नसतो, ऐकणाऱ्याचा असतो.” गवई असो की गव्हर्नर, दोन दमांच्या वर त्यांनी कुणालाच दिलं नाही. कुणाच्या श्रद्धांजलीत ‘मी’ आला की त्या पेपर चिमटीत धरून बाजूला ठेवायच्या, ओल्या पोतेऱ्यासारखा. टीव्हीवर एका नटीची अंत्ययात्रा चालली होती. लोक फोन उंच धरून चितेचं शूटिंग करत होते, आणि वार्ताहर तिच्या मुलाला विचारत होता, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय. शरयूताई उठल्या, टीव्ही बंद केला आणि बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले.

एकदा गोडदेव नाक्यावर एका मोठ्या गायकाला श्रद्धांजली वाहणारा बॅनर बांधायचं काम चाललं होतं. वर चौदा स्थानिक पुढारी, सगळे गॉगल लावून हात जोडलेले. शरयूताई खाली थांबल्या आणि दोरी बांधणाऱ्याला विचारलं, “भैया, इनमें से गया कौन?” तो शिडीवरून वाकून शोधायला लागला. “वो कोने में, आंटी. नीचे.” कोपऱ्यात तिकिटाएवढा गायक होता, त्याच्या कपाळावरून दोरी गेलेली. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. “उलटी होईल मला,” त्या म्हणाल्या, “चला लवकर.”

यादीच्या शेवटी ‘आणि सर्व ज्ञात-अज्ञात’ असं म्हणायची पद्धत आहे. त्यावर त्यांचं लाल पेन थांबलं. “अज्ञात कोण? ज्याचं नाव विचारायचा आपल्याला कंटाळा येतो तो.” आणि मला घेऊन थेट गोडदेवच्या भाजीवालीकडे, जिचा नवरा त्याच महिन्यात गेला होता. नाव विचारल्यावर ती बिचारी बावरली. “त्याचा नाव कशाला लिवतंस बाय? तो काय मिनिस्टर हाय?” काम काय करायचे? “मिठागरावं मीठ वढायचा, दुसरा काय न्हाय.” मी रविवारी वाचलं, मिठागर कामगार हिरा पाटील. राणे नंतर म्हणाले, “वैनी, हे कुठले मान्यवर?” मागून शरयूताईंचा आवाज आला, “वड्यात मीठ होतं ना?”

स्वतःवरच्या श्रद्धांजल्याही त्यांनी माझ्या फोनवर मागून घेऊन वाचल्या. सभेचा वृत्तांत राण्यांनी सगळीकडे पाठवला होता, एका साप्ताहिकात छापूनही आला होता, त्यामुळे शोक करणाऱ्यांना काही कमी नव्हतं. फोटो भलत्याच बाईचा होता. “नाकी-डोळी बरी आहे, असू दे,” त्या म्हणाल्या. एकाने लिहिलं होतं की शेवटच्या आजारपणात तो त्यांना फळं नेऊन द्यायचा. त्यांनी चष्मा वर केला. “कुठली फळं ते लिहायला हवं होतं. बातमी अपुरी आहे.” मी पोट धरून हसले. हसायला माझं काय जात होतं?

यंदाच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवण करून पडल्या त्या उठल्या नाहीत. बोरिवलीहून मुलगी आली. आम्ही दोघी फोन घेऊन बसलो, आणि माझी करणी माझ्या पुढ्यात यायला लागली. पेपरवाल्यांना कळवलं तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, त्या तर मागेच गेल्यात. आमच्याकडे दिसतंय इथे.” ग्रुपवर टाकलं तर पाच मिनिटांत उत्तर, ‘जुना मेसेज आहे. कृपया खात्री केल्याशिवाय फॉरवर्ड करू नये.’ लिहिणारा तोच, ज्याने चार वर्षांपूर्वी पहिला मेसेज पाठवला होता. राण्यांना फोन केला. “पण वैनी, संघातर्फे त्यांना श्रद्धांजली वाहून झालीय ना?” कळल्यावर फळंवाल्याने तेवढी तत्परता दाखवली. तीच श्रद्धांजली, तोच भलत्या बाईचा फोटो, फक्त ‘शेवटच्या’च्या जागी ‘अखेरच्या’.

पुण्याला त्यांची एक जुनी मैत्रीण होती, तीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून बातम्या लिहून देणारी. मुलीने तिला फोन लावला. स्पीकरवर म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, “बाळ, शरयू जाऊन चार वर्षं झाली गं. मी तेराव्याला दोन माणसं जेवू घातली तिच्या नावाने. कोण आहेस तू? म्हातारीला कशाला फसवतेस?” आणि फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही. ती उठून आईच्या पायांवरची चादर सारखी करत बसली.

म्हणजे मी दुरुस्ती वाचली असती, तर चार वर्षं ती मैत्रीण भाईंदरला आली असती, फोन केला असता, दोघींनी मिळून पेपरातल्या ‘पोकळ्या’ खोडल्या असत्या. शरयूताईंना वाटायचं पुण्याची आपल्याला विसरली, आणि मानीपणात त्यांनी स्वतःहून फोन केला नाही. एकदा तसं बोलल्याही होत्या, चहा गाळता गाळता. मी म्हटलं होतं, “वय झालं की होतं असं.”

स्मशानात आम्ही अकरा जण होतो, त्यात दोघे इमारतीचे वॉचमन.

पहिल्या रविवारी मी सुती साडी नेसून गेले. राण्यांनी फोन स्टँडवर लावला होता, हल्ली सगळं ग्रुपवर टाकतात. यादीत शेवटी मी वाचलं, “वृत्तनिवेदिका शरयू टेंबे-शहा यांचं अकरा तारखेला भाईंदर इथे राहत्या घरी निधन झालं. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी रेडिओवर मराठी बातम्या वाचल्या.” दोन दम. मग पुढचा कागद घेतला. “दुरुस्ती. चार वर्षांपूर्वी याच सभेत, याच जागी मी त्यांच्या निधनाची बातमी वाचली होती. ती खोटी होती. त्यांचा माझा जिव्हाळ्याचा परिचय होता असं मी तेव्हा म्हणाले. तेही खोटं होतं. त्यांनी मला दुरुस्ती वाचायला सांगितलं होतं. मी लाजेखातर वाचली नाही. त्यामुळे त्या जिवंत असताना त्यांची माणसं त्यांना मेलेली समजली. चूक माझी आहे.”

माइक चालू होता, मी दोनदा तपासला होता. कागद घडी करून मी खाली बसले. ठरवलं, हा व्हिडिओ पुण्याला पाठवायचा. बाई माझा फोन उचलत नाहीत, पण आवाज तर ऐकतील.

सभा संपली. वडे संपता संपता राणे फोनवर बोट फिरवत माझ्याजवळ आले, आपुलकीने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “वैनी, एक नंबर वाचलात. फक्त ते मधलं खोटंबिटं होतं ना, तेवढं मी कट करून टाकलंय, उगाच लोक काय म्हणतील. बाकी एकदम टचिंग झालंय.”