कंबरमोडीची साक्ष

फार्माकॉलॉजी शिकवणाऱ्याकडे औषधं नसतात, किस्से मात्र पोत्यानं असतात. ऐंशीच्या दशकातलं माझं पोतं तर अजून निवडायचंच आहे!

*

युनिव्हर्सिटीत लेक्चरर झालो आणि सौसरला मामांकडे गेलो. मामांनी गावभर सांगितलेलं, "भाचा औषधीचा मास्तर झाला!" सकाळी दारात रांग. मी म्हटलं, "मामा, मी माणसांना सुई टोचत नाही, उंदरांना टोचतो."

मामा विचारात पडले. दुपारी लंगडणारी म्हैस घेऊन आले!

*

पीएचडीला विषय दिला: जखमेवर कंबरमोडीचा पाला. आमच्या सावरगावात मजुरी करताना विळा लागला, की माझी आई हाच पाला चोळून लावायची. विभागप्रमुख हसले. "गवतावर पीएचडी?"

"सर, काल तुम्ही शिकवलेल्या हृदयाच्या औषधाचं, डिजिटॅलिसचं रोप कुठल्या कारखान्यात उगवतं?"

माझा अर्ज सहा महिने त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. पस्तावलो नाही. मग निरोप आला, "वापराचा लेखी पुरावा आणा, नाहीतर विषय रद्द."

*

पुरावा मिळणार गोटमारीत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून सावरगाव आणि दुसऱ्यावरून पांढुर्णा एकमेकांवर दगड मारतात. वही घेऊन पांढुर्ण्याच्या काठावर गेलो. कपाळाला हिरवा लगदा लावलेल्या एका काकांना विचारलं, "कोणता पाला?"

"पहिले सांगा, तुमी कोन्या गावचे?"

"सावरगावचा."

"मंग नाई सांगत! हे औषध तुमच्या इकडं नाई."

सावरगावात आमच्या काकांचंही तेच. "लिहून घे, पन पांढुर्ण्यावाल्यायले सांगू नोको!"

दोन्हीकडे कंबरमोडीच होती. खूप मिनतवारी केल्यावर सह्या मिळाल्या, पण एका कागदावर नाही.

*

आराखड्यात पहिला संदर्भ म्हणून आईचं नाव टाकलं. सरांनी लाल शाईनं खोडलं. "अंगठा लावणारी बाई संदर्भ होत नाही."

पुन्हा टाइप केलं. पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा टाइप करून खाली रेघ ओढली! राग आला होता, आजही येतो.

"मग विषय मंजूर करणाऱ्या कमिटीसमोरच आणा तुमचा संदर्भ," सर म्हणाले.

*

आई तिगावला संत्र्याच्या तोडणीवर होती, तिथूनच पॅसेंजरनं आली. आत शिरताच खणखणीत "जय भीम" म्हणाली. सरांनी टेबलावर वाळलेल्या चार जुड्या मांडल्या. "यातली कंबरमोडी ओळखा."

आईनं खुर्चीत बसायच्या आधीच ती उचलली. मग पदराची गाठ सोडून तीन हिरवी रोपं मांडली.

"आता तुमी ओळखा, साहेब."

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं आणि एक रोप उचललं. गाजरगवत!

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा अर्ज पुढे ओढला आणि सही केली. आई रोपं पुन्हा पदरात बांधत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे बापू, याच्याच हाताखाली शिकून राह्यला का तू?"