ओल्या चुन्यावरची ओळ

घाटंजीच्या बाजारात आज ओल्या चुन्याचा वास आला आणि मला माझा कवी मित्र शंकर आठवला.

निवडणूक आली की पक्षवाले भिंती चुन्यानं पांढऱ्या करून अडवून ठेवत. शंकर पहाटेच कोळशानं त्यांवर कविता लिहून मोकळा व्हायचा. एका बाजाराच्या दिवशी त्याची ओळ पुसायला पक्षाचा माणूस आला. ओळ रस्त्यावर राबलेल्या मजुरांच्या तोंडची होती: ‘हा रस्ता आमच्या हातांनी झाला.’ कुंचा फिरला तशी अक्षरं राखाडी होऊन ओघळली. शंकर बिडी ओढत नुसता बघत होता.

मी चिडून म्हणालो, “पुस्तक काहून नाही काढत तू?”

“पुस्तक कपाटात जाते,” तो म्हणाला. “इथं पुसाले माणूस पाठवा लागते. म्हणजे कोणाले तरी झोंबली ना बे.”

तेव्हा मला ती हरलेल्या माणसाची समजूत वाटली होती.

शंकर जाऊन बरीच वर्षं झाली. आज त्याच भिंतीवर एक रंगारी तीच ओळ ऑइलपेंटनं रंगवून राह्यला होता, पुढाऱ्याच्या हसऱ्या चित्राखाली.

“टिकन का?” मी विचारलं.

“टिकन ना भाऊ. हिले कोण पुसते?”