उजवी खुर्ची

ज्या हातांचे टाके विमानाला हवेत तोलून धरतात, त्या हातांची जागा विमानात की जमिनीवर?

माझी आत्या गिरणीत रफूकाम करायची. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा ती अंधेरीहून जुहूच्या धावपट्टीजवळच्या एका शेडमध्ये विमानाचे पंख शिवायला जाऊ लागली. दोन माणसांचं जुनं विमान होतं ते, हौशी लोकांनी गावोगाव भटकावं म्हणून बनवलेलं. सांगाडा लाकडाचा, त्यावर सुती कापड. खुर्च्या शेजारी-शेजारी, मागे दोन बॅगांपुरती जागा. पंख दुमडले की गोठ्यातही मावलं असतं. पंखाच्या प्रत्येक बरगडीला कापड दोऱ्याने शिवायचं, वरून रोगण द्यायचं. वाळलं की ते ढोलकीसारखं ताणून बसे.

शेडची एक रीत होती. ज्याने पंख शिवला, त्याने पहिल्या उड्डाणात वैमानिकाशेजारी, उजव्या खुर्चीत बसायचं. आपल्या टाक्यांवर आपलाच जीव पणाला लावायचा. आत्याच्या वेळी मात्र कुजबुज सुरू झाली, बाईमाणूस कशाला? मी वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवर अक्षरं गिरवून मोठी झालेली. लगेच पत्रक लिहिलं. आत्याने ते वाचून घडी घातली.

‘मी काय मोर्चा आहे गं?’

मग ती स्वतःच शेड चालवणाऱ्या मिस्त्रींकडे गेली. ‘मिस्त्री, टाके माझे. खुर्ची कोणाची?’

‘तुमचीच, बाई. पण ओकलात तर धुवायचं तुम्हीच.’

उड्डाणाच्या दिवशी नेसायला तिने हिरवं लुगडं काढून ठेवलं.

शेवटच्या बरगड्या राहिल्या होत्या. मी तिचा डबा घेऊन गेले होते. तिने दोरा ओढला तशी बरगडी हलली. लाकडाच्या सांध्यातून जुन्या, सुकलेल्या सरसाचा तपकिरी भुगा तिच्या तळहातावर पडला. आजूबाजूला कोणी नव्हतं. कापड शिवून टाकलं असतं, तर आतलं काही दिसलं नसतं.

मी म्हणाले, ‘आत्या, सांगितलंस तर हे उडणार नाही.’

‘नाही सांगितलं तर उडेल गं. तेच तर.’

तिने मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी तिचे टाके उसवले, बोट फिरवलं. पंखाचा मुख्य वासाच सांध्यात सुटला होता. तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता. विमान कायमचं खाली राहिलं.

‘बाई, निदान जमिनीवर तरी एकदा बसून घ्या,’ मिस्त्री म्हणाले.

‘बसस्टॉपवर बसल्यासारखं? नको.’

पत्रकात मी हक्क मागितला होता. तो मिळाला, आणि तिने तो स्वतःच्या हाताने सोडला. यावर काय लिहावं, हे मला कुठल्याच पत्रकाने शिकवलेलं नाही.

विमान अजून त्या शेडमध्ये आहे. लोक येतात, आत बसून फोटो काढतात. तुम्ही गेलात, तर डावीकडे खुशाल बसा. उजवी खुर्ची रिकामी ठेवा.