काट्यावरचं सरकार

खामगावच्या एका जिनिंग कारखान्यातले वजनकाट्यावरचे बाबू कापसाच्या गाड्यांचं वजन करतात आणि दुसऱ्या वहीत एक देश चालवतात. तिथे वऱ्हाड स्वतंत्रच राहिलं आहे. पक्ष, जाहीरनामे, मंत्र्यांची भांडणं, सगळं बाबूंनीच रचलेलं. पंतप्रधानही तेच. निवडणुकीत एक गाडी म्हणजे एक मतदारसंघ. गाडीचा नंबर सम आला तर जागा बाबूंच्या पक्षाची, विषम आला तर विरोधकांची.

मी जवळच्याच माझ्या गावची खरी सरपंच होते. अविश्वास ठराव आला तेव्हा दोन सदस्यांना ऐन मतदानाच्या दिवशी शेगावला दर्शनाला पाठवून मी खुर्ची राखली. बाबू वहीतली खुर्चीसुद्धा लबाडीनं राखत नाहीत, म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो.

परवा सरकार शेवटच्या जागेवर अडलं होतं. माझ्या गाडीचा नंबर विषम, मागच्या गाडीचा सम. बाबूंनी एकदा तरी लबाडी करावी म्हणून मी म्हटलं, "मागची घ्या आधी. मले घाई नाही."

"लाईन म्हंजे लाईन, ताई."

"सरकार पडन नं तुमचं."

"पडन तं पडन. घ्या गाडी पुढं."

त्यांनी माझ्या गाडीचं वजन लिहिलं, मग दुसऱ्या वहीत तितक्याच सुवाच्य अक्षरात स्वतःचा राजीनामा.

"तुमच्या गाडीनं विरोधकांना जितवलं. आता पंतप्रधान तुम्हीच व्हा."

मला व्हायचं होतं. पण मागच्या गाडीचा नंबर आधी बघायची माझी सवय जाणार नव्हती. मी नाही म्हटलं.